मोटरीशिवाय वळणारा अँटेना

१९७०च्या दशकात अमेरिकेत सीबी रेडिओची, म्हणजे सामान्य लोकांच्या कमी शक्तीच्या दुतर्फा रेडिओची लाट आली, तेव्हा घराच्या छपरावर काय लावायचे याला दोनच उत्तरे होती. एक म्हणजे चहूकडे सारखेच ऐकणारा उभा दांडा. दुसरे म्हणजे यागी, अनेक दांड्यांचा अँटेना, जो एका दिशेला बघतो आणि मोटरीने फिरवावा लागतो. मोटर महाग, वजनदार, आणि पूर्ण फेरीला सुमारे मिनिटभर घेणारी. हायवेवरच्या ट्रकवाल्याशी बोलायचे असेल तर तेवढ्या वेळात तो निम्मे वाक्य बोलून झालेला असतो. क्लीव्हलँडच्या अँटेना स्पेशालिस्ट्स कंपनीने ‘सुपर स्कॅनर’ या नावाने यातून वाट काढली: तीन उभे डायपोल (मध्यावर केबल जोडलेले अर्ध्या तरंगलांबीचे दांडे) त्रिकोणात, खांबावर रिलेची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांची डबी आणि खाली टेबलावर दिशा निवडायची पेटी. हलत काहीच नाही, तरी दिशा बदलते.

हे जमते कसे, ते यागीवरूनच कळते. यागीत केबल फक्त एका दांड्याला जोडलेली असते. बाकीचे नुसते जवळ उभे असतात, पण त्यांच्यातही प्रवाह निर्माण होतो आणि ते लहरी पुन्हा सोडतात. त्यातला एक थोडा लांब असला की तो परावर्तक होतो, थोडा आखूड असला की लहरी पुढे ओढतो. पण दांडा खरोखरच कापायला हवा असे नाही. बरोबर मध्यावर थोडा प्रेरक रोध, म्हणजे गुंडाळीसारखा परिणाम आणला, तरी तो रेडिओलहरीला लांब ‘दिसतो’. हा रोध आणायला गुंडाळीही लागत नाही. केबलचा एक तुकडा पुरतो.

तिन्ही डायपोलपासून रिलेच्या डबीपर्यंत सारख्या लांबीची कोॲक्स केबल न्यायची. ही लांबी विजेच्या हिशेबात तरंगलांबीच्या ३/८ ठेवायची. ज्या डायपोलचा रिले जोडलेला, तो रेडिओला जोडला गेला. उरलेल्या दोघांच्या केबलची टोके डबीत उघडी राहिली. ५० ओहमच्या केबलचे एक टोक उघडे ठेवले की ३/८ तरंगलांबी अंतरावरच्या दुसऱ्या टोकाला नेमका ५० ओहम प्रेरक रोध दिसतो. झाले, ते दोघे परावर्तक. सारा जोर तिसऱ्याच्या दिशेने जातो. दुसरा रिले ओढला की दिशा १२० अंशांनी सरकते, तीही डोळ्याची पापणी लवायच्या आत. हेच तत्त्व वापरून अमेरिकेतल्या हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्या मंडळींनी ७ मेगाहर्ट्झवर मनोऱ्याभोवती पाच तिरक्या तारा टांगल्या, ती रचनाही चांगलीच गाजली.

आता आकडे. सीबीचे ४० चॅनेल १ जानेवारी १९७७ पासून २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झमध्ये आहेत. ट्रकवाल्यांचा १९ नंबर २७.१८५ वर. तिथे तरंगलांबी ११.०३ मीटर, डायपोल सुमारे ५.२६ मीटर आणि दोन डायपोलमधले अंतर पाव तरंगलांबी, म्हणजे २.७६ मीटर. त्रिकोणाच्या मध्यापासून प्रत्येक डायपोल १.५९ मीटरवर येतो. घट्ट पॉलिथिनच्या आरजी-५८ केबलमध्ये लहर प्रकाशाच्या ०.६६ पट वेगाने जाते, म्हणून ३/८ तरंगलांबीचा तुकडा भरतो २.७३ मीटर. उरलेली लांबी खांबाजवळ सैल वेटोळ्यात बांधता येते.

घोटाळा होतो तो इथेच. फोमच्या केबलचा वेगगुणक ०.७८ किंवा त्याहून जास्त असतो, तिला ३.२३ मीटर हवेत. कोणी फोमची केबल आणून तीही २.७३ मीटरच कापली, तर प्रेरक रोध ५० ऐवजी जेमतेम २२ ओहम मिळतो आणि परावर्तक लंगडा पडतो. अँटेना चालू राहतो, एसडब्ल्यूआरही (केबल आणि अँटेना किती जुळले आहेत याचे माप, कमी तितके चांगले) सुसह्य दिसतो, फक्त पुढच्या-मागच्यातला फरक जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून नुसत्या मोजायच्या फितीवर विसंबू नये. अँटेना ॲनालायझर, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतेवर रोध मोजणारे यंत्र असेल तर केबलचे दुसरे टोक उघडे ठेवून रोध शून्याजवळ कुठे उतरतो ते पाहावे. ३/८ चा तुकडा दोन तृतीयांश वारंवारतेवर पाव तरंगलांबीचा होतो, तेव्हा हा खड्डा १८.१२ मेगाहर्ट्झवर यायला हवा. सुरुवातीला दहा सेंटिमीटर जास्त ठेवून थोडेथोडे कापत यावे. डबीतल्या रिलेपर्यंतच्या तारांची लांबीही यात मोजली जाते, म्हणून त्या बोटभरच ठेवाव्यात.

केबलचे टोक डबीत शॉर्ट झाले तर उलटेच होते. ३/८ चा शॉर्ट केलेला तुकडा धारक रोध देतो, डायपोल आखूड दिसतो आणि जोर त्याच्याकडे ओढला जातो. तीन बटणांपैकी दोन वेडीवाकडी वागत असतील, तर आधी केबलचे हे टोक तपासावे: डबीत साचलेले पाणी, सोल्डरचा थेंब, केबलच्या जाळीचा एखादा सुटा केस.

यातून किती लाभ मिळतो? साध्या डायपोलच्या तुलनेत ३ ते ४ डेसिबल, नीट बांधले तर. त्या काळच्या जाहिरातींतले आकडे यापेक्षा फुगलेले असत, कारण ते कशाच्या तुलनेत आहेत हे बहुधा सांगितलेलेच नसे. एस-मीटरचे, म्हणजे रेडिओवरच्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या काट्याचे एक घर म्हणजे ६ डेसिबल असा संकेत आहे. म्हणजे बोलताना फायदा अर्ध्या घराचा. पण मागून येणारा आवाज १५ ते २० डेसिबलने दबतो, तो जवळजवळ तीन घरे. या अँटेनाची खरी किंमत इथे आहे. सीबीवर एएम या साध्या प्रसारण पद्धतीची मर्यादा ४ वॅट, सगळे तेवढ्यावरच बोलणार. १९७९च्या अखेरीस सौरडागांचे चक्र शिखरावर होते, तेव्हा आकाशातून परतून आलेल्या, हजारो किलोमीटरवरच्या स्टेशनांच्या एएम वाहक लहरी एकमेकांवर आदळून चॅनेलवर नुसती शिट्टी चाले. अशा वेळी गोंगाट पाठीमागे टाकता आला की पंधरा किलोमीटरवरचा मित्र ऐकू येतो. दोन दिशांच्या मधल्या रेषेवर मात्र २-३ डेसिबल गमवावे लागतात.

जुना संच हाती लागला तर आधी नळ्यांचे जोड उघडावेत. ॲल्युमिनियमवर चढलेला ऑक्साइड वीज अडवतो. बारीक पॉलिश पेपरने घासून, जोडांना ऑक्साइड रोखणारे वाहक ग्रीस लावून पुन्हा आवळावे. डबीच्या तळाला पाणी निथळायला छिद्र हवे, वरच्या बाजूला नको. रिलेचे संपर्क काळवंडलेले असतील तर घासत बसू नये, रिलेच बदलावा. रिले उठत नसेल तर लोक आधी बारीक कंट्रोल वायरला दोष देतात. पण १२ व्होल्टचा ७५ मिलिॲम्पिअर घेणारा रिले घेतला, तर अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या टेलिफोनच्या तारेतून ३० मीटर जाऊन-येऊन जेमतेम ०.४ व्होल्ट घटतो. दोष बहुधा गंजलेल्या जोडात असतो. प्रत्येक कंट्रोल वायर डबीत ०.०१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने अर्थला जोडावी, नाहीतर तीच वायर अँटेनाचे काम करू लागते.

जुळवणीच्या वेळी एकाच डायपोलचा एसडब्ल्यूआर मोजायचा, पण बाकीचे दोघे जागेवर आणि उघडे असताना. ते दोघे जवळ असले की जोडलेल्याचा रोध डायपोलच्या नेहमीच्या ७० ओहमवरून खाली येतो, म्हणून एकट्यावर केलेली जुळवणी फुकट जाते. चॅनेल १ वर कमी आणि ४० वर जास्त आला तर डायपोल लांब आहेत. तिन्ही सारखेच आखूड करायचे. तिन्ही डायपोल जोडून चहूकडे सारखे ऐकण्याची स्थिती घरगुती बांधणीत ठेवू नये हे उत्तम. तिन्ही एकदम जोडले की रोध फार खाली जातो आणि त्यासाठी वेगळी जुळवणी बसवावी लागते. खांबही डायपोलच्या मध्याच्या वर जाता कामा नये, तोही धातूच आहे.

दिशा तपासायची तर पाच-दहा किलोमीटरवरचे, उभ्या अँटेनाचे स्टेशन घ्यावे. आकाशातून परतून येणारा दूरचा सिग्नल दर क्षणी चढ-उतार करतो, त्यावरून निष्कर्ष काढू नये. आणि माइकचे बटण दाबलेले असताना दिशा बदलू नये: रिलेचे संपर्क उघडतात त्या क्षणी रेडिओसमोर अँटेनाच नसतो, ठिणगी पडते आणि आउटपुट ट्रान्झिस्टरला त्याची किंमत मोजावी लागते.

आपल्याकडे परवानाधारक हॅमला हीच रचना १० मीटर बँडवर बांधता येते. २८.४ मेगाहर्ट्झसाठी डायपोल ५.०३ मीटर, अंतर २.६४ मीटर, घट्ट पॉलिथिनची केबल २.६१ मीटर, आणि उघड्या केबलचा खड्डा १८.९३ मेगाहर्ट्झवर. नळ्यांऐवजी बांबूला बांधलेली तार चालते. फक्त पावसाळ्यापूर्वी बांबूला वॉर्निश द्यावे आणि तारेची टोके सुटलेली नाहीत ना, हे बघावे.