पार्सनिपच्या वाइनमध्ये पार्सनिप किती?

पार्सनिप तयार झालं तरी इंग्लंडमधले परसबागवाले ते उपटायची घाई करत नाहीत. दंव चांगलं एक-दोनदा पडून गेलं की मगच वाफ्यात फावडं घालतात. गाजराचं हे चुलत भावंड दिसायला फिकट मुळ्यासारखं. शरद ऋतूत ते पिठूळ लागतं, पण थंडी लागली की गोड होतं. साठवलेल्या स्टार्चची ते साखर करू लागतं. साखर विरघळलेलं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्याला आणखी थंडी लागते, आणि पेशी फुटण्यापासून वाचतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये केळी मिळेनाशी झाली, तेव्हा लोक पार्सनिप उकडून, कुस्करून, त्यात केळ्याचा इसेन्स घालून सँडविचमध्ये भरत. मुलं फसत होती की नाही, कोण जाणे.

याच मुळांची वाइन करायची तिथे जुनी पद्धत आहे. दोन किलो मुळांचे काप पाण्यात उकळायचे, पाणी गाळून घ्यायचं, त्यात साखर विरघळवायची, कोमट झाल्यावर यीस्ट घालायचं. मग साडेचार लिटरच्या काचेच्या बुधल्यात भरून तोंडाला पाणी भरलेली वाकडी नळी लावायची. दोन-तीन दिवसांत त्या नळीतून बुडबुडे येऊ लागतात. कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, हवा आत येत नाही. हवा आत गेली तर व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही.

आता हिशेब. लिटरभर द्रवात साधारण 17 ग्रॅम साखर आंबली की 1 टक्का अल्कोहोल तयार होतं. साडेचार लिटरमध्ये 12 टक्के हवं असेल तर साखर लागणार 900 ग्रॅमच्या वर. कच्च्या पार्सनिपमध्ये साखर शेकडा पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन किलोत जेमतेम 100 ग्रॅम. मुळं गोड झालेली असली तर थोडी जास्त धरा. बाकीची सगळी वाण्याकडच्या पिशवीतली! ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग 1953 साली संपलं, आणि या वाइनना खरा मोकळा हात मिळाला तो त्यानंतर.

मग पार्सनिप कशाला? वासासाठी, चवीसाठी. जायफळात असणारं मिरिस्टिसिन हे वासाचं द्रव्य याच्यातही असतं. मात्र द्राक्षातल्या दोन गोष्टी इथे नाहीत: आंबटपणा आणि तुरटपणा. म्हणून लिंबाचा रस पिळतात, आणि तुरटपणासाठी चक्क कपभर कडक कोरा चहा ओततात. चहातली टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं, द्राक्षाच्या सालीतल्या टॅनिनची जागा बऱ्यापैकी घेतात. लिंबाचं काम चवीपुरतं नाही. आंबट द्रवात नको असलेले जिवाणू वाढायला कचरतात, यीस्टला मात्र फारसा त्रास होत नाही.

(आपल्याकडे करून बघण्याआधी: महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये स्वतःपुरती वाइन करायला परवाना लागत नाही, विकायची झाली तर लागतो.)

सर्वांत जास्त छळतो तो उरलेला स्टार्च. काप गाळ होईपर्यंत उकळले किंवा फडक्यात घालून पिळले, की तो पाण्यात उतरतो. साध्या यीस्टला तो पचत नाही; स्टार्च तोडणारं अमायलेज त्याच्याकडे नसतं. जपानमध्ये साके करताना हे काम तांदळावर वाढवलेली कोजी नावाची बुरशी करते. इथे ते करणारं कुणी नसल्यामुळे स्टार्च तसाच तरंगत राहतो आणि वाइन गढूळ दिसते. चमचाभर वाइन बशीत घेऊन त्यावर आयोडिनचा थेंब टाकला आणि निळा-काळा रंग उमटला, तर दोष स्टार्चचाच. मग बाजारातलं अमायलेज चिमूटभर घालायचं आणि बुधला परत अंधाऱ्या कपाटात. तशीही ही वाइन वर्षभर मुरल्याशिवाय पिण्यात मजा नाही. ज्यांना एवढा धीर नसतो ते गढूळच पितात. चवीत फार फरक पडत नाही, फक्त ग्लासातून पलीकडचं दिसत नाही.