जलप्रसूती : दुसऱ्या खेपेची

बाळंतपणाच्या कळा कोमट पाण्याच्या कुंडात बसून काढणे आणि बाळालाही त्याच पाण्यात जन्म देणे, याला जलप्रसूती म्हणतात. घरीदारी सगळे ‘वॉटर बर्थ’ किंवा ‘पाण्यातली डिलिव्हरी’ असेच म्हणतात. कळा पाण्यात काढणे ही एक गोष्ट आणि बाळ पाण्यात जन्मणे ही दुसरी. पुष्कळ बायका पहिली करतात आणि ऐनवेळी बाहेर येऊन पलंगावर मोकळ्या होतात. वैद्यकात वाद आहे तो मुख्यतः दुसऱ्या गोष्टीचा. ही नोंद रुग्णालयातल्या कुंडाबद्दल आणि दुसऱ्या खेपेच्या बाईबद्दल आहे. तिचे शरीर या वाटेने एकदा गेलेले असते, त्यामुळे पाण्याचा आराम आणि पाण्यामुळे होणारी धावपळ या दोन्ही बाबतींत तिची गोष्ट पहिलटकरणीहून निराळी असते.

दुसरे बाळंतपण सासरी

पहिले बाळंतपण माहेरी, दुसरे सासरी, हा मराठी घरांचा रिवाज. इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर या वस्त्यांतल्या कितीतरी सुना जळगाव, नागपूर, पुण्याकडून आलेल्या. पहिल्या वेळी डोहाळजेवण झाले की त्या माहेरची वाट धरतात. दुसऱ्या वेळी थोरल्याची शाळा असते, घर सोडवत नाही, आणि आईच गाडीत बसून इंदूरला येते. पहिल्या वेळी ‘डॉक्टर म्हणतील तसं’ म्हणणारी मुलगी आता विचारू लागते : मला आडवंच पडून राहावं लागेल का? टाके घालायलाच हवेत का? माझ्याजवळ कोणी थांबेल ना? पाण्याची विचारणा बहुधा या प्रश्नांच्या पाठोपाठ येते. तिला दुखायलाच नको असते असे नाही. दुखते ते तिला ठाऊक आहे. मागच्या वेळी हलू दिले नाही, ही तिची खंत असते.

घरातल्या मोठ्यांचा आक्षेप मात्र ठरलेला : ‘पाण्यात? अगं, बाळ गारठेल आणि तुला वात धरेल.’ हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. शेक-शेगडी, ओवा नि बाळंतशेपाची धुरी, कानाला बांधलेला रुमाल, ही सगळी बाळंतिणीला ऊब मिळावी म्हणूनच असते, आणि जलप्रसूतीचे निम्मे शास्त्रही उबेचेच आहे. शिवाय ऊन पाणी आणि कळा यांचे नाते आजी आधीपासून ओळखून आहे. कळा खऱ्या की खोट्या हे बघायला ती पोरीला कढत पाण्याने न्हाऊ घालायची. पाण्याने थांबल्या तर खोट्या, वाढल्या तर दवाखाना गाठायचा. पाण्यात बसून राहणे तेवढे नवे.

इथे एका शब्दाकडे लक्ष द्यावेसे वाटते. इंदूरच्या दवाखान्यात सिस्टर विचारते, ‘दर्द कितने मिनट में आ रहे हैं?’ आणि मराठी बाई मनात ‘कळ’ म्हणत असते. कळ येते, चढते, ओसरते. दोन कळांमध्ये मोकळी जागा असते. पाणी खरे उपयोगी पडते ते त्या जागेत.

पाणी काय करते

छातीपर्यंत पाण्यात बसले की अंगाचा भार हलका होतो. नऊ महिन्यांचे पोट घेऊन पलंगावर कूस बदलायला दोन जणींचा आधार लागतो, तीच बाई पाण्यात एका हाताने काठ धरून गुडघ्यांवर येते, उकिडवी बसते, पुढे रेलते. उभट किंवा ओणव्या स्थितीत बाळाच्या डोक्याला खाली सरकायला वाट मिळते. उबेने कंबर आणि मांड्यांचे स्नायू सैल पडतात. भीतीने आखडलेले अंग सैल झाले की कळा आणणारे ऑक्सिटोसिन नीट वाहते.

याचा पडताळा २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात आहे. कॉक्रेन ही अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था. १५ चाचण्या आणि ३,६६३ स्त्रिया तपासल्यावर दिसले ते असे : कळांच्या काळात पाण्यात बसणाऱ्यांमध्ये पाठीतून भूल घेण्याचे प्रमाण शेकडा ४३ वरून ३९ वर आले. फरक आहे, पण चमत्कार नाही. पाण्यात दुखतच नाही असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

बाळ पाण्यात गुदमरत कसे नाही, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. पोटात असताना बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू नाळेतून येत असतो. जन्मल्यावर चेहऱ्याला हवा लागते, गारवा जाणवतो, आणि पहिला श्वास घेतला जातो. तोवर नाळ आपले काम करत असते. म्हणून दोन नियम कडक आहेत. बाळ पूर्ण पाण्याखाली जन्मावे आणि लगेच अलगद वर आणावे. आणि डोके एकदा पाण्याबाहेर आले, मग ते आईने कंबर उचलल्यामुळे का असेना, तर पुन्हा पाण्यात जाऊ द्यायचे नाही. बाळाला आधीच प्राणवायू कमी पडत असेल तर ते पाण्याखालीच धाप टाकू शकते, त्यामुळे बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर वरचेवर लक्ष हवे. पाण्यात चालणाऱ्या हातातल्या डॉप्लरने कळांच्या काळात दर १५ मिनिटांनी आणि जोर करण्याच्या काळात दर ५ मिनिटांनी ठोके ऐकतात.

दुसऱ्या खेपेची घाई

ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार कळा नीट सुरू झाल्यापासून पहिलटकरणीला सरासरी ८ तास लागतात आणि सहसा १८ च्या वर जात नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सरासरी ५, आणि सहसा १२ च्या आत. पहिल्या वेळी गर्भाशयाचे तोंड आधी पातळ होते आणि मग उघडते. दुसऱ्या वेळी दोन्ही बरोबरीने चालते. बाळाचे डोके पहिल्या खेपेला आधीच कटिभागात उतरून बसलेले असते, दुसऱ्या वेळी ते कधी कधी कळा सुरू झाल्यावरच उतरते आणि मग भराभर येते. जोर करायचा काळही थोडा. काही बायकांना चार-पाच कळांतच सुटका होते.

रुग्णालयाच्या तयारीची खरी परीक्षा इथे असते. कुंडात शेकडो लिटर पाणी मावते. इंदूरच्या जानेवारीत नळाचे पाणी चांगलेच गार असते, आणि न्हाणीघराचा गीझर इथे पुरत नाही. कुंड भरेपर्यंत बराच वेळ जातो. फार लवकर पाण्यात बसले तर कळा मंदावू शकतात, म्हणून तोंड चार-पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत थांबायला सांगतात. हा हिशेब पहिलटकरणीला जमतो. दुसऱ्या खेपेची बाई पाच सेंटिमीटरला पोचल्यावर नळ सोडला, तर पाणी गुडघ्यापर्यंत येईतो बाळ हातात असते. तिच्यासाठी कुंड ती दारात आल्याबरोबर भरायला घ्यावे. तरीही वेळ चुकली तर कोरड्यावरच बाळंतपण होईल, हे तिला आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ऐनवेळी हिरमोड होत नाही. आदल्या रात्री भरून कोमट ठेवलेले पाणी मात्र चालत नाही. लिजिओनेला जिवाणू अशाच साठलेल्या कोमट पाण्यात वाढतो. पाणी ताजे हवे, आणि प्रत्येक बाळंतपणानंतर कुंड जंतुनाशकाने धुऊन कोरडे केलेले हवे.

कुंडाशी

खोलीत दिवे मंद असतात. काठावर पाण्याचा थर्मामीटर, एक लहान आरसा, टॉर्च, बारीक जाळीचे गाळणे आणि नाळेचे चिमटे. गाळण्याबद्दल बायका आधी विचारत नाहीत आणि नंतर ओशाळतात. जोर करताना शौच होते, ते पलंगावरही होते. सिस्टर ते मुकाट्याने गाळून घेते. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पाणी ३७.५ अंश सेल्सियसच्या वर जाऊ द्यायचे नाही, आणि पाण्याचे नि आईचे तापमान दर तासाला बघायचे. आई तापली की बाळाचे ठोके वाढतात. आजीला गारठ्याची काळजी असते, दाईला, म्हणजे बाळंतपणाचे प्रशिक्षण घेतलेल्या मिडवाइफला, उलट उकाड्याची. घोटघोट नारळपाणी किंवा सरबत देत राहतात. सोबतीला बायकोच्या खांद्यांवर ऊन पाणी ओतणारा नवरा असला तर फार मोठा आधार वाटतो. प्रसूतीच्या वेळी सोबतीण असावी ही गोष्ट २०१७ पासून सरकारी प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारण्याच्या केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही आहे.

डोके दिसू लागले की दाई हात लावत नाही, बघत राहते. आई स्वतःच बोटांनी बाळाचे जावळ चाचपते. पुढच्या कळेबरोबर खांदे सुटतात आणि बाळ पाण्यात येते. ते वर उचलताना घाई करायची नाही, कारण नाळ आखूड असेल तर हिसक्याने तुटते. पाण्यात जन्मलेली बाळे बरेचदा लगेच टाहो फोडत नाहीत. डोळे उघडून बघतात, हळूहळू गुलाबी होतात. बाहेर थांबलेल्या आजीला रडणे ऐकू न आल्याने तिच्या छातीत धस्स होते, म्हणून हे घरच्यांना आधी सांगून ठेवणे ही दाईची जबाबदारीच मानली पाहिजे. अंग कोमट पाण्यात, डोके आईच्या छातीवर, वर टोपी, अशाने बाळाची ऊब टिकते.

वार पडण्यासाठी बहुतेक ठिकाणी आईला बाहेर घेतात. पाण्यात रक्ताचा अंदाज फसवा असतो. थोडे रक्तही पाण्यात पसरून जास्त वाटते आणि पुष्कळ गेले तरी पाण्यात मिसळल्याने नेमके किती ते कळत नाही.

कोणाला नाही

जुळी, पायाळू बाळ, ३७ आठवड्यांच्या आतली प्रसूती, वाढलेला रक्तदाब, रक्तस्राव, ताप, पाणमोट फुटल्यावर हिरवट पाणी येणे, पाठीतून भूल घेतलेली असणे, यांपैकी काहीही असले तर पाणी नाही. पेथिडिनसारखे गुंगी आणणारे वेदनाशामक औषध दिल्यावर दोन तास कुंडात उतरवत नाहीत.

दुसऱ्या खेपेत सर्वांत मोठा अडसर पहिल्या सिझेरियनचा. गर्भाशयावरचा व्रण नैसर्गिक प्रसूतीत उसवण्याची शक्यता सुमारे दोनशेत एक असते आणि बाळाच्या ठोक्यांवर अखंड नजर ठेवावी लागते. म्हणून बहुतेक रुग्णालये अशा बाईला पाणी देत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांतली ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झालेली होती, सरकारी रुग्णालयांतली १४.३ टक्के. म्हणजे पैसे मोजून कुंडाची चौकशी करू शकणाऱ्या घरांतल्या कितीतरी सुनांसाठी हे दार पहिल्या बाळंतपणातच बंद झालेले असते. जलप्रसूतीबद्दल बोलताना हे आधी बोलायला हवे. पहिले बाळंतपण विनाकारण पोट फाडून झाले नाही, तरच दुसऱ्या वेळी तिला निवड उरते.

इतिहास आणि वाद

लिखित नोंद असलेली पहिली जलप्रसूती फ्रान्समधली, १८०३ ची. दोन दिवस कळा देऊन थकलेल्या बाईला ऊन पाण्यात बसवले आणि ती तिथेच मोकळी झाली. पुढे १९६० च्या दशकात रशियात इगोर चार्कोव्हस्की यांनी हा विषय उचलला. पण रुग्णालयात त्याला जागा मिळाली ती पुन्हा फ्रान्समध्येच. पितिव्हिए गावच्या रुग्णालयात शल्यविशारद मिशेल ओदाँ यांनी १९७० च्या दशकात कुंड ठेवले ते कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून. काही बायकांना बाहेर यावेसेच वाटले नाही आणि बाळे पाण्यात जन्मली. अशा शंभर जन्मांचा वृत्तांत त्यांनी १९८३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये दिला. त्याच काळातले फ्रेडरिक लबोयर नवजात बाळाला कोमट पाण्यात धरून शांत करत. कलकत्त्यात एका आईला बाळाची मालिश करताना पाहून भारावलेले आणि ती मालिश पश्चिमेकडे नेणारे डॉक्टर ते हेच.

अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितले, की ३७ ते ४१ आठवडे पूर्ण झालेल्या निरोगी स्त्रीने कळांचा काळ पाण्यात काढायला हरकत नाही, पण बाळ कोरड्यावरच व्हावे. ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथे १९९४ ते १९९६ मधल्या ४,०३२ जलजन्मांचा अभ्यास १९९९ मध्ये आला आणि बालमृत्यू वाढलेले दिसले नाहीत. २०२४ मधल्या मोठ्या ब्रिटिश अभ्यासात, आधी बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी पाण्यात बाळंत झालेल्यांत जन्माच्या वेळी गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटण्याचे प्रमाण १.० टक्का होते आणि कळा पाण्यात काढून बाहेर बाळंत झालेल्यांत १.३. नाळ तुटण्याचे प्रमाण मात्र पाण्यात जास्त : १.० टक्का, बाहेर ०.३. हे आकडे दिलासा देणारे आहेत, पण ते प्रशिक्षित दाई प्रत्येक कुंडाशेजारी बसलेल्या देशाचे आहेत. भारतात दाईसेवेची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१८ मध्ये आली आणि तसे प्रशिक्षण अजून मूळ धरते आहे. म्हणून इंदुरात कोणी कुंड दाखवले, तर टाइल्स आणि दिवे बघण्याआधी विचारावे : माझ्या शेजारी शेवटपर्यंत कोण बसणार? तिने अशी किती बाळंतपणे केली आहेत? मला चक्कर आली तर बाहेर कसे काढणार? नवजातासाठी बालरोगतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह याच इमारतीत आहे का? घरच्या टबात, दाईविना केलेल्या प्रयोगाला या नोंदीतले काहीही लागू होत नाही.

नंतर

दुसऱ्या खेपेला बाळ पाजायला घेतले की ओटीपोटात पुन्हा कळा येतात, पहिल्या वेळेपेक्षा जोरात. गर्भाशय आवळत असते, घाबरायचे कारण नाही. आई निगेटिव्ह रक्तगटाची आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांत आईला अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते, पाण्यात असो वा पलंगावर. मालिशवाली बाई, डिंक-अळिवाचे लाडू, शेक, सगळे नेहमीसारखे सुरू होते. एक बदल मात्र घरच्यांना सांगावा लागतो. बाळ पाण्यात जन्मले म्हणजे त्याची आंघोळ झाली, असे नव्हे, आणि लगेच घालायचीही नाही. अंगावरचा पांढरा, लोण्यासारखा थर तसाच राहू द्यायचा. पहिली आंघोळ निदान २४ तासांनी.