बॅरोची उंची आणि जीपीएसची उंची: साठ हजार फुटांवरचा घोळ

अतिउंचावर उडणाऱ्या मानवरहित विमानाचा लॉग उघडला की दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. बॅरो (हवेच्या दाबावरून उंची काढणारं उपकरण) ६०,००० फूट, जीपीएस ६०,७०० फूट. लगेच प्रश्न येतो, "यातला बरोबर कुठला?" नवा आलेला इंजिनिअर विचारतो, कॅमेऱ्याची टीम विचारते, आढाव्याला बसलेले साहेबही विचारतात. आणि उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं: जीपीएस उपग्रहावरून येतं म्हणजे खरं, बॅरो जुनं म्हणजे चुकलेलं, कॅलिब्रेशन करून घ्या. ॲव्हिऑनिक्सच्या (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या) कामात हे इतकं ऐकावं लागतं की एकदा नीट लिहून काढतोय.

जीपीएसच्या उंचीवर वेळ घालवत नाही, ती सगळ्यांना माहीत आहे. ती सरळसरळ लांबी आहे. फक्त एक लक्षात ठेवा: रिसीव्हर मुळात पृथ्वीच्या आकाराला जुळवलेल्या एका गणिती लंबगोलापासून मोजतो आणि मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. कच्चा आकडा उणे दिसला तर या फरकाच्या दुरुस्तीचा तक्ता लावा. विषय संपला.

खरी गोम बॅरोत आहे. बॅरो उंची ही उंची नाहीच. तो हवेचा दाब आहे, फुटांत लिहिलेला.

सेन्सर फक्त दाब मोजतो. तो दाब एका ठरवून दिलेल्या प्रमाण वातावरणात किती उंचीवर सापडेल, तेवढंच गणित पुढे होतं. त्या वातावरणात समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) आणि १५ अंश, दर किलोमीटरला साडेसहा अंश कमी होत ११ किलोमीटरला उणे ५६.५, आणि तिथून २० किलोमीटरपर्यंत तेच तापमान. असं वातावरण प्रत्यक्षात कुठेच तंतोतंत नसतं, आपल्या डोक्यावर तर नाहीच. पावसाळ्यात आपल्याकडे २०० हेक्टोपास्कलची पातळी या प्रमाण वातावरणाच्या तक्त्यातल्या ११.८ किलोमीटरऐवजी १२.४ किलोमीटरच्या आसपास असते, कारण खालची गरम हवा फुगलेली असते. म्हणजे बॅरो ३८,७०० फूट दाखवतं तेव्हा विमान खरं तर जवळपास दोन हजार फूट आणखी वर असतं. यात बॅरोचं काहीही चुकलेलं नाही. त्याला दाब विचारला होता, त्याने दाब सांगितला.

ज्यांच्या मनगटावर ट्रेकिंगचं घड्याळ आहे त्यांनी ते सकाळी दहाला टेबलावर ठेवावं आणि दुपारी चारला बघावं. उंची पंचवीस-तीस मीटरने वाढलेली दिसेल. टेबल हललेलं नसतं, दाब उतरलेला असतो. आपल्या पट्ट्यात तो रोजच या वेळात तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो.

आता हेच साठ हजार फुटांवर न्या. २०१० साली नासाचं ग्लोबल हॉक हे मानवरहित विमान कॅलिफोर्नियातून निघून आर्क्टिकपर्यंत जाऊन आलं. अशा लांबच्या फेरीत ऑटोपायलट बॅरोवर उंची धरून ठेवतो, म्हणजे प्रत्यक्षात दाब धरून ठेवतो. हिवाळ्यात ७० हेक्टोपास्कलची पातळी (साधारण साठ हजार फुटांवरचा दाब) विषुववृत्ताजवळ असते त्यापेक्षा ध्रुवाकडे किलोमीटरभर खाली असू शकते. त्यामुळे उत्तरेकडे जाताना बॅरोचा आकडा जागचा हलत नाही आणि जीपीएसचा तासातासाला घसरत जातो. ग्राउंड स्टेशनवर नवखा माणूस असेल तर "अल्टिट्यूड होल्ड गेला!" म्हणून ओरडतो. होल्ड गेलेला नसतो. त्याला जे सांगितलंय तेच तो चोख करत असतो.

मग जीपीएसवरच का धरू नये? कारण आकाशात आपण एकटे नसतो. वर जाताना आणि उतरताना फ्लाइट लेव्हल २९० ते ४१० (बॅरोवर २९,००० ते ४१,००० फूट) हा पट्टा ओलांडावा लागतो आणि तिथे प्रवासी विमानं एकमेकांपासून फक्त हजार फुटांच्या अंतराने उडत असतात. ती सगळी १०१३.२५ लावून, एकाच तक्त्यावर. हवा गरम असेल तर सगळ्यांचा आकडा सारखाच हटतो, म्हणून मधलं अंतर शाबूत राहतं. त्यात एकच विमान जीपीएसवर पातळी धरून घुसलं तर ते दोन हजार फुटांनी दुसऱ्याच्याच पातळीत असेल. पंख आणि इंजिन यांनाही जमिनीपासूनचं अंतर कळत नाही, भोवतालची हवा किती विरळ आहे तेवढंच कळतं.

उलट कॅमेऱ्याला बॅरो देऊ नका. ४५ अंशांत तिरकं बघणाऱ्या कॅमेऱ्याला उंची २०० मीटर चुकीची दिली की जमिनीवरचा बिंदूही २०० मीटर सरकतो. तिथे जीपीएसच हवं, डोंगर चुकवायला आणि धावपट्टीवर आपोआप उतरायलाही तेच.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते दोन बॅरो आणि एक जीपीएस यांचं बहुमत घेतात तेव्हा. बहुमत एकाच राशीच्या मोजमापांचं घ्यायचं असतं. या पद्धतीत विमान उष्ण कटिबंधात शिरलं की दोन्ही बॅरो एकमत होतात आणि धडधाकट जीपीएस बाद ठरतं. काही जण सरासरी काढतात, ते त्याहून वाईट: तो आकडा ना दाब सांगतो ना लांबी. माझं मत पक्कं आहे. उंची धरायला बॅरो आणि इनर्शियल (विमानाच्या हालचालीचे धक्के मोजून जागा काढणारी यंत्रणा) यांची जोडी (इनर्शियल एकटं सोडलं तर त्याची उभी दिशा काही मिनिटांत भरकटते), जीपीएस त्याच्या वेगळ्या रांगेत, आणि पडद्यावर प्रत्येक आकड्याच्या शेजारी तो कुठला ते लिहिलेलं. नुसतं "उंची" असं लिहिलेला रकाना मी मंजूर करत नाही.

बॅरोबद्दलची एक तक्रार मात्र शंभर टक्के रास्त आहे. समुद्रसपाटीला एक हेक्टोपास्कलची चूक म्हणजे साधारण २८ फूट. साठ हजार फुटांवर एकूण दाबच ७२ हेक्टोपास्कलच्या आत उरतो आणि तीच एक हेक्टोपास्कलची चूक २९० फुटांची होते. सेन्सर जरासा सरकला, स्टॅटिक पोर्टच्या (बाहेरचा दाब आत घेणाऱ्या भोकाच्या) कडेला रंगाचा थर जाड बसला, तरी फरक पडतो. हा दोष शोधायला जीपीएस लागतं, पण थेट वजाबाकी करून नाही. हवामान खातं पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेला रेडिओसॉन्डचे (वरच्या हवेची मोजमापं रेडिओने पाठवणाऱ्या उपकरणाचे) फुगे सोडतं. त्या नोंदीतून ७० हेक्टोपास्कलची पातळी त्या दिवशी नेमकी किती मीटरवर होती ते काढायचं आणि विमानाने ती पातळी दाखवली तेव्हाची जीपीएस उंची तिच्याशी ताडून बघायची. लॉगमधल्या त्या ७०० फुटांपैकी बहुतेक फूट इथेच हवेच्या खात्यावर जातात. उरतील तेवढेच सेन्सरचे, आणि कॅलिब्रेशनला पाठवायचं ते तेवढ्यासाठी.