सिगारेटने ताण उतरतो, हे कितपत खरे?

‘घरच्यांपासून लपून जगणाऱ्या लेस्बियन, बायसेक्शुअल बाईला तेवढाच आधार, सिगारेट सोडली तर कोलमडेल’ हा समज जुना आहे. लपवण्याचा ताण खराच. पण झुरक्याने शमते ती मुख्यतः निकोटिनची तलफ. रक्तातले निकोटिन साधारण 2 तासांत निम्म्यावर येते आणि चिडचिड सुरू होते. सोडल्यावर पहिला आठवडा सर्वांत जड. 4 आठवड्यांत बरेच निवळते, आणि पुढे चिंता सिगारेट ओढत असतानापेक्षा कमीच आढळते.

ही तलफ आवरायला निकोटिन गम (निकोटिन असलेला च्युइंगगम) फार्मसीत मिळतो, फसतो तो चघळण्यात. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून 4 मिलीग्रॅम, एरवी 2. सावकाश चावा, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवा, चुरचुर गेली की पुन्हा चावा; असे अर्धा तास. भराभर चावला तर निकोटिन पोटात जाऊन उचक्या, मळमळ. आधीची 15 मिनिटे कॉफी, सोलकढी, कोकम सरबत नको. आंबटपणामुळे निकोटिन तोंडात शोषले जात नाही. (जेवणानंतरची सोलकढी सोडा असे कोणी म्हणत नाही, गम उशिरा घ्या.) उर्राकच्या (गोव्यातली काजूच्या बोंडांची दारू) मोसमात तावेर्न (दारूचा गुत्ता) मात्र काही आठवडे टाळाच, दारूसोबत निर्धार लवकर सुटतो. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे: 1800-11-2356.