गोधडी गरम नसते, खरंच नसते

परवा चौथीतली पुतणी वही घेऊन आली. प्रश्न होता थंडीत आपण लोकरीचे कपडे का घालतो, आणि गाईडमधलं उत्तर तिने छान अक्षरात उतरवलं होतं, 'लोकर गरम असते, ती शरीराला उष्णता देते.' मी म्हटलं चूक आहे हे. तर म्हणे काका, बाईंची लाल टिक बघ ना.

आता टिकेपुढे काय बोलणार. म्हटलं फ्रीजमधून बर्फाचे दोन क्यूब काढ. सारख्या दोन स्टीलच्या वाट्या, दोघींत एकेक क्यूब, एक वाटी ओट्यावर तशीच आणि दुसरी आजीच्या गोधडीत गुंडाळून. आधी कुठला वितळणार? गोधडीतला, ती लगेच म्हणाली, गोधडी गरम असते म्हणून. तासाभराने बघितलं तर ओट्यावर पाण्यात पेराएवढा तुकडा तरंगत होता आणि गोधडीतला क्यूब अजून चांगला दणदणीत. पोरगी दोन मिनिटं गप्प, आमच्या घरात हा रेकॉर्ड आहे.

तर झालं काय, उष्णता नेहमी गरमकडून थंडकडे जाते आणि गोधडी फक्त वाटेत आडवी येते. बर्फाकडे बाहेरची उष्णता येत होती तिला अडवलं, आपण पांघरली की आपली बाहेर जाते तिला अडवते. हीटर आपण स्वतः आहोत. मोठा माणूस नुसता बसला तरी साधारण 100 वॉट उष्णता टाकत असतो, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढी.

आणि अडवतं कोण? कापड नाही हो, हवा! हा माझा सगळ्यात आवडता भाग. हलत नसेल तर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे, पाणी तिच्या वीसेक पट उष्णता वाहून नेतं (ओला स्वेटर कुचकामी असतो तो त्यामुळेच). पण मोकळी हवा एका जागी थांबत नाही, गरम झाली की वर जाते आणि तिच्या जागी थंड येते, म्हणून तिला कोंडून ठेवावं लागतं. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने धरलेले असतात आणि हवा त्या थरांमध्ये अडकते, लोकरीत कुरळ्या तंतूंमध्ये अडकते. पूर्वी पिंजारी दारावर यायचा, धनुकलीची ती टंग टंग, आणि दबलेला कापूस पिंजून द्यायचा. कापूस तोच, वजन तेच, पण गादी परत उबदार, कारण त्याने आत हवा भरून दिलेली असायची. म्हणजे आपण पैसे हवेचे द्यायचो!

मग तिने जो प्रश्न विचारला तो गाईडमध्येही नसेल. सकाळी स्टीलचं ताट गार लागतं आणि शेजारचा लाकडी पोळपाट नाही, असं का? दोन्ही रात्रभर एकाच ओट्यावर, खोली 20 अंश तर दोघंही 20 अंश. इथे जरा गणित आहे, कंटाळा आला तर पुढचा पॅरा गाठा. आपली कातडी धरा 33 अंश. हात टेकला की दोघांच्या मधे कुठलंतरी तापमान ठरतं, पण ते बरोबर मधलं नसतं, जो पदार्थ उष्णता भराभर ओढून आत पसरवतो त्याच्याकडे ते झुकतं. स्टीलचं ताट जाड असेल तर हिशोबाने 22 च्या आसपास येतं, लाकडाला 30 च्या आसपास. म्हणजे हाताला ताटाचं तापमान कळतच नाही, कळतं ते आपल्या कातडीचं, ती किती गार पडली ते.

पटत नसेल तर मे महिन्यात जळगावला दुपारी उन्हातल्या लोखंडी गेटला हात लावा. तेच थंड लागणारं लोखंड चटका देतं आणि शेजारचा तेवढाच तापलेला लाकडी बाक त्यामानाने बरा वाटतो. धातू दोन्हीकडे घाई करतो, घ्यायलाही आणि द्यायलाही.

हे कळलं की ती मॅग्नेटवाली गादी विकणाऱ्यांचे व्हिडिओ बघताना हसू येतं. म्हणे शरीरातली ऊर्जा चार्ज होते आणि गुडघेदुखी जाते. अहो, प्लगला न लावलेली गादी उष्णता बनवत नाही, झोपणाऱ्याचीच त्याला परत दाखवते, किंमत मात्र दहा गोधड्यांची.

1833 साली बॉस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज 180 टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा त्यातला 100 टनांच्या आसपास शिल्लक होता. विषुववृत्त दोनदा ओलांडून! पॅकिंग काय, तर चामडं कमावून झाल्यावर उरलेली झाडाची वाळवलेली साल. पुढे मुंबईतही असा अमेरिकन बर्फ यायला लागला. पुतणीला हे सांगितलं तर म्हणे म्हणजे बर्फाला पण गोधडी.

आता रविवारी दुसरा प्रयोग करणार आहोत, एक क्यूब पोळपाटावर आणि एक ॲल्युमिनियमच्या जाड तव्यावर, आधी कुठला वितळतो ते बघायचं. तिचं मत पोळपाटाला, तवा गार लागतो ना. उत्तर मी सांगत नाही, घरातल्या मुलांचं आधी वोटिंग घ्या. फक्त गोधडीवाला प्रयोग करायचा असेल तर आजीला विचारून करा, आमच्याकडे वाटी कलंडली आणि आईने मला या वयात बोलून घेतलं.