बाळाची वाढ मोजायची पट्टी आली कुठून?

सातारा जिल्ह्यात कोरेगावला जा नाहीतर जावळीत, अंगणवाडीत ताई विचारणारच, मान धरली का, पालथं पडतंय का, रांगतंय का, आणि बाळ जरा मागे असलं की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. पण हे महिने ठरवले कुणी, कुठल्या बाळांकडे बघून, हे आईबापांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात अमेरिकेतली. येल विद्यापीठात अर्नोल्ड गेझेल यांनी बाळांच्या फिल्म काढून कुठल्या वयात काय येतं ते नोंदवलं, पुढे नॅन्सी बेली यांनी 1936 मध्ये हालचालींचं स्केल, म्हणजे मोजपट्टी, केली, 1969 ला मोठं स्केल आलं, ते सुधारत सुधारत आजही रिसर्चमध्ये चालतं. पण बाळं सगळी तिकडची ना! आपल्याकडे प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळं तपासली आणि 1970 मध्ये आपले नॉर्म्स, म्हणजे कुठल्या वयात काय येतं त्याची आपली मापं, आले, त्यातूनच पुढे ‘डासी’ ही भारतीय बाळांची विकास-मोजपट्टी झाली, त्यात हालचालींचे 67 आणि मानसिक विकासाचे 163 आयटम, अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. या कामाचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं.

हालचालींपेक्षा नजर मोजायचं काम जास्त अवघड, कारण तान्हं बाळ काय दिसतंय ते सांगणार कसं? रॉबर्ट फॅन्ट्झ यांनी 1950 च्या दशकाच्या शेवटी दाखवलं की साध्या रंगापेक्षा नक्षी असेल तिकडे बाळ जास्त वेळ बघतं. डेव्हिडा टेलर यांनी त्यावरूनच टेस्ट बसवली, करड्या कार्डावर एका बाजूला काळे-पांढरे पट्टे, मधे बारीक भोक, त्यातून बघणाऱ्याला पट्टे कुठल्या बाजूला आहेत ते माहीतच नसतं, फक्त बाळाचे डोळे कुठे वळतात त्यावरून सांगायचं, मग पट्टे बारीक बारीक करत जायचं. किती साधं, आणि बाळाला काही त्रास नाही.

आता परत हालचालींकडे येऊ. 2006 मध्ये डब्ल्यूएचओनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं, भारतासकट 5 देशांतल्या 816 मुलांवरून एकच ठरलेलं वय न देता रेंजच दिली, एकट्यानं चालणं 8.2 ते 17.6 महिने, आणि 4.3 टक्के मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. म्हणजे शेजारचं 10 महिन्यांत चाललं म्हणून आपल्या सव्वा वर्षाच्या बाळामागे लागू नका, पण 3 महिन्यांचं झालं तरी नजर चेहऱ्यावर ठरत नसेल तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.