आगाऊ शुल्काची फसवी पत्रे

मोठी रक्कम मिळवून देण्याचे आमिष दाखवायचे आणि त्यासाठी आधी थोडे पैसे मागायचे, असा हा फसवणुकीचा प्रकार आहे. आगाऊ पैशांना कधी वकिलाची फी म्हणतात, कधी कर, कधी लाच. ते भरले की नवी अडचण निघते. घबाड मुळात नसतेच.

गुन्हेगारीतून पुढे पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख झालेल्या व्हिदॉकने १८२८च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या आठवणींत अशा पत्रांची हकिकत आहे. बिसेत्रच्या तुरुंगातले कैदी ती लिहीत आणि त्यांना ‘जेरुसलेमची पत्रे’ म्हणत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत पळालेल्या सरदाराच्या नोकराची बतावणी करायची, लपवलेल्या पेटीचा ठावठिकाणा सांगायचे कबूल करायचे आणि मदत मागायची. १०० पत्रांपैकी २० पत्रांना उत्तर येई, असे तो सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘स्पॅनिश कैद्या’ची पत्रे ब्रिटन-अमेरिकेत पोहोचू लागली: स्पेनच्या तुरुंगात अडकलेल्या श्रीमंत माणसाला सोडवायला पैसे पाठवा, मोठा मोबदला मिळेल. त्यांत पुष्कळदा कैद्याची पोरकी होऊ घातलेली मुलगीही असे. म्हणून बळी पडलेल्यांना सरसकट लोभी ठरवणे अन्यायाचे आहे. अनेकांची दयाही लुबाडली गेली.

१९८०च्या दशकात तेलाचे भाव कोसळून नायजेरियाची अर्थव्यवस्था खचली आणि तिथून परदेशी व्यापाऱ्यांना टपालाने, टेलेक्सने, पुढे फॅक्सने पत्रे जाऊ लागली. सरकारी कंत्राटातले कोट्यवधी डॉलर देशाबाहेर काढायला तुमचे बँक खाते द्या, अशी विनंती त्यांत असे. त्या देशाच्या दंडसंहितेतील कलमावरून या प्रकाराला ‘४१९’ नाव पडले. व्यवहार गुप्त ठेवा, ही अट यातली सर्वांत घातक गोष्ट. त्यामुळे सल्ला घ्यायला कोणी उरत नाही आणि व्यवहारच बेकायदा असल्याने फसलेला माणूस पोलिसांकडे जायला कचरतो.

टपालात प्रत्येक पत्राला कागद आणि तिकीट लागे. ती तिकिटेही अनेकदा बनावट असत. ईमेलने हा खर्च जवळपास संपवला. महाग राहिला तो उत्तर देणाऱ्याशी आठवडेच्या आठवडे चालणारा पत्रव्यवहार. अशी पत्रे इतकी ढोबळ का असतात, याचे उत्तर संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली याच हिशेबातून दिले: संशयी माणूस पहिल्याच ओळीत गळावा आणि शेवटपर्यंत पैसे देईल असाच उरावा.

फसलेल्यांची नावे पुढे विकलीही जातात. मग काही दिवसांनी त्यांना दुसरे पत्र येते: बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त थोडे शुल्क आधी भरा.